करवतीचा ब्रेक

गार्ड तुटला मंगळवारी. रविवारी सासऱ्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या आवारातलं वाळलेलं झाड कापून द्यायचं होतं. मधे राहिले चार दिवस, आणि त्या चार दिवसांत सूनबाईने कुठूनही नवा गार्ड पैदा करायचा, असं सासऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

ही सूनबाई शिलाई मशीन दुरुस्त करणारी. पहिल्या मजल्यावरच्या घराची पुढची खोली तिची. तिथे तिचं कामाचं टेबल, टेबलावर पोटं उघडलेली पाच-सहा मशीनं, भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेले स्क्रूड्रायव्हर. सगळी गल्ली तिला मशीनवालीच म्हणायची. आजारी मशीन जिन्यावरून वर येईपर्यंत, नुसत्या वर्णनावरून, त्याचं काय बिनसलंय हे सांगणारी बाई ती. अशा माणसांचं एक असतं. आपलं चुकलं असेल ही शंका त्यांना सहसा शिवत नाही. हिलाही शिवत नसे.

करवत मात्र सासऱ्यांची. सासरे निवृत्त सुतार, आणि काटकसर त्यांच्या हाडात मुरलेली. उभ्या आयुष्यात छापील किमतीला त्यांनी काही घेतलं असेल तर ते पोस्टाचं तिकीट. बॅटरीवर चालणारी ही चेनची करवत त्यांनी तीन वर्षांपूर्वी सेलमध्ये घेतली होती. वायर नको, पेट्रोल नको, वर पाच वर्षांची वॉरंटी. ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असं स्टिकर तिच्या स्क्रूवर चिकटवलेलं होतं आणि त्या स्टिकरला सासऱ्यांनी कोणाला नखही लावू दिलं नव्हतं. सूनबाईलाही नाही.

मंगळवारी करवत जिन्यावर त्यांच्या हातून निसटली आणि गार्ड बुडातून मोडला. गार्ड म्हणजे पुढच्या मुठीसमोरचा प्लास्टिकचा उभा पंजा. त्याची कामं दोन. हात घसरला तर चेनवर जाऊ द्यायचा नाही हे एक. दुसरं मोठं. पंजा पुढे ढकलला की खट्ट वाजतं आणि चेन जागच्या जागी जखडली जाते, मग चुकून बटण दाबलं गेलं तरी फिरत नाही. म्हणजे तोच ब्रेक.

“गार्डावाचून काय अडतंय?” सासरे म्हणाले. “करवत मी धरायची, गार्डाने नाही.”

“बाबा, एक गुडघा गेलाय या करवतीपायी. दुसरा जायला नको,” मशीनवाली म्हणाली. तिने बॅटरी काढली, टेबलाच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं.

 ज्याचा गुडघा गेला होता तो खिडकीपाशी बसून एका कपाटाचे खण रंगवत होता, आणि त्याने मान वर केली नव्हती.

तो तिचा नवरा. धंद्याने रंगारी. तिमजली इमारतीला शिडी लावून सरसर चढणारा, वरून खाली गाणी म्हणणारा. सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर झाडं छाटायला जायचा. आठ महिन्यांपूर्वी एका वसतिगृहाच्या आवारात फांद्या छाटताना, एका फांदीकडून दुसरीकडे जाताना, त्याचा पाय पडलेल्या काटक्यांवरून घसरला. तोल सावरायला मूठ आवळली गेली, बटण दाबलं गेलं आणि चेन फिरत थेट उजव्या गुडघ्यात शिरली. बावीस टाके पडले. गुडघा वाचला, पण अर्धाच वाकायचा. शिडी न चढणारा रंगारी म्हणजे पाण्यात न उतरणारा कोळी. आता तो खिडकीपाशी बसून फर्निचरच्या दुकानाचे खण आणि ट्रे रंगवायचा.

गुडघ्याचं दुःख होतंच, पण घरात खरी ठिणगी पडली ती वेगळ्या गोष्टीवरून. शुद्धीवर आल्या आल्या तो म्हणाला होता, “मी ब्रेक लावला होता. लावूनच चालत होतो.”

“लावला असता तर चेन फिरली कशी?” सासरे म्हणाले.

प्रश्न बिनतोड होता.  रंगाऱ्याकडे नुसती आठवण होती, मनगटाने गार्ड ढकलल्याची आणि खट्ट ऐकल्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी करवत खाली अंगणात आणली आणि सुनेपुढे ठेवली. “तूच बघ. तू म्हणशील ते खरं.” खालच्या मजल्यावरची नर्सबाई होती, समोरचा टायरवाला होता, आणखी दोघं-चौघं होती. मशीनवाली रात्रभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून आलेली, डोळे तांबारलेले, आणि खरं सांगायचं तर ती नवऱ्यावर भयंकर चिडलेली. तिने तिच्या शिस्तीप्रमाणे आधी बॅटरी काढली. जिवंत यंत्राला हात लावायचा नाही, हा तिचा पहिला नियम. मग हातमोजा घातला, गार्ड पुढे ढकलला. खट्ट. मग चेन धरून ओढली. चेन तसूभर हलली नाही. पुन्हा ओढली. नाहीच.

“ब्रेक उत्तम आहे,” तिने सगळ्यांदेखत सांगितलं. आणि वर तिचं ठेवणीतलं वाक्य जोडलं, “यंत्र खोटं बोलत नाही.”

मग खोटं कोण बोलतं, हे तिला सांगावं लागलं नाही. ते अंगणातल्या प्रत्येकाने आपापलं पूर्ण करून घेतलं. टायरवाला तर पुढे कित्येक दिवस, रंगारी काठी टेकत रस्ता ओलांडायला लागला की दुकानातून ओरडायचा, “ब्रेक लावलास का रे?” थट्टाच ती. पण थट्टेला दात असतात.

तीन महिने रंगारी आपलं म्हणणं सोडायला तयार नव्हता. रोज तोच विषय, रोज तीच धुसफूस. बाप लेकाशी धड बोलेना. शेवटी एका संध्याकाळी जेवता जेवता तो म्हणाला, “बरं, नसेल लावला. विसरलो असेन. चुकलं माझं.” सासऱ्यांनी मान डोलावली. मशीनवालीला तर भरून आलं. “होतं असं माणसाचं,” ती म्हणाली आणि तिने त्याला मोठ्या मनाने माफ करून टाकलं. त्या दिवसापासून घर शांत झालं. रंगारीही शांत झाला. जरा जास्तच झाला, पण शांतता कोणाला नको असते?

तर असा हा ब्रेक, आणि त्याचा तुटलेला गार्ड.

बुधवारी मशीनवालीने वॉरंटीच्या कार्डावरचा फोन लावला. असा नंबरच अस्तित्वात नाही, असं एका गोड आवाजाने सांगितलं. कार्डावर वेबसाइटचा पत्ता होता. त्या पत्त्यावर आता लहान मुलांचे बूट विकायला ठेवले होते.

“पाच वर्षांची वॉरंटी, बाबा,” ती म्हणाली. “करवत जगली, कंपनी वारली.”

“कंपनी कुठे जातेय? जागा बदलली असेल,” सासरे म्हणाले. “स्टिकर काढू नकोस हं तू. आधी पार्ट आण, मग तिचं पोट फाड.”

गुरुवारी ती बाजारातल्या हत्यारांच्या दुकानात गेली. दुकानदाराने तुटका गार्ड हातात घेऊन उलटासुलटा केला.

“कंपनी कोणती?”

तिने फोनमधला फोटो दाखवला. दुकानदार हसला. “ताई, ही कंपनी नाही. हे नुसतं नाव आहे. करवत एकच. हिरवी केली की एक नाव चिकटवायचं, केशरी केली की दुसरं.”

“नावाचं मला काय करायचंय? मला गार्ड हवाय.”

“चेन देतो. चेन ज्यावर फिरते तो बार देतो. ते बहुतेकांना चालतात. तेल हवं तर तेल देतो. पण गार्ड? एवढ्या स्वस्त करवतीला पार्ट कोणी शोधत नाही, लोक नवीच घेतात. गार्ड मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“म्हणजे मिळणारच नाही?”

“एखादी मेलेली करवत शोधा. भंगारात. तिचा काढा आणि हिला लावा.”

शुक्रवारी तिने तुटका गार्ड चिकटवून बघितला. दोन प्रकारच्या गोंदाने चिकटवला, वरून तापवलेली तार टोचून शिवल्यासारखा केला. अंगठ्याने जरा ढकलला तर पुन्हा दोन तुकडे. सासरे मागे उभे राहून बघत होते. “मी म्हणतो, रविवारचा दिवस तसंच कापू,” ते म्हणाले. तिने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते आत गेले.

शनिवारी सकाळी ती बस डेपोच्या मागच्या भंगारवाल्याकडे पोचली. पत्र्याच्या शेडमध्ये पंख्यांचा एक ढीग, मिक्सरचा एक, आणि कोपऱ्यात एका फुटक्या टबात बॅटरीवर चालणारी हत्यारं. भंगारवाले काका जुन्या खुर्चीत बसून तांब्याच्या तारेवरचं प्लास्टिक सोलत होते.

“करवतीचा गार्ड? टबात बघा,” ते म्हणाले. “तशा तीन आल्यात. एकाच आईची लेकरं, टोपडी फक्त वेगळी.”

खरंच तीन होत्या. एक केशरी, एक काळी, एक हिरवी. नावं तीन, अंग एकच, आणि तिघींचे गार्ड शाबूत! मशीनवालीला इतका आनंद झाला की तिने हसूनच काकांकडे बघितलं. एक पिंप उलटं करून ती त्यावर बसली, दुसऱ्यावर केशरी करवत ठेवली आणि पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढला. तो तिच्या पर्समध्ये कायम असायचा, लोकांच्या असतो तसा कंगवा तिच्याकडे नसायचा.

गार्ड सोडवायचा तर बाजूचं झाकण काढायला हवं. झाकणाखाली काय असेल, हे तिला ठाऊक होतं. चांगल्या करवतींची चित्रं तिने बघितली होती. चेन फिरवणारी एक डबी, डबीभोवती पोलादी पट्टी. गार्ड ढकलला की पट्टी आवळते आणि डबी जखडते. ही पट्टी गार्डापासून सांभाळून सोडवायची, एवढंच काम.

तिने झाकण काढलं. आत पट्टी नव्हती.

“काका, यातली पट्टी कोणी काढली?”

“मी कशाला काढू?” काका म्हणाले. “तेवढ्याशा लोखंडाचं मी काय करणार?”

कोणीतरी आधीच काढली असेल. भंगारात येईपर्यंत वस्तूचा अर्धा जीव गेलेलाच असतो. तिने ती बाजूला ठेवली आणि काळी घेतली. काळीचं झाकण काढलं. पट्टी नव्हती.

आता तिच्या कपाळाला आठी पडली. तिने हिरवी घेतली. हिरवीवर ते स्टिकर होतं, ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’, जसंच्या तसं, एकही कोपरा न उचकटलेलं. ही करवत कारखान्यातून निघाल्यापासून कोणी उघडलेलीच नव्हती. मशीनवालीने स्टिकर नखाने सोललं, चार स्क्रू काढले, झाकण उचललं.

पट्टी नव्हती. स्क्रूच्या भोकाशिवाय दुसरं भोक नव्हतं. पट्टी अडकवायला खाच नव्हती, खुंटी नव्हती, काही काहीच नव्हतं. पट्टी कोणी काढली नव्हती, कारण ती बसवायला जागाच केलेली नव्हती. गार्डाच्या बुडाशी एक एवढीशी स्प्रिंग आणि प्लास्टिकचा एक दाणा. गार्ड पुढे ढकलला की दाणा एका खळग्यातून दुसऱ्या खळग्यात उडी मारायचा. खट्ट. बास. ब्रेकचा संसार तेवढाच. बडा घर, पोकळ वासा.

तिने गार्ड पुढे ढकलला. खट्ट. बोटाने चेन ओढली. चेन सरसर फिरली. गार्ड मागे घेतला, पुन्हा ढकलला. खट्ट. चेन फिरली. तिने हे सात-आठ वेळा केलं. आवाज दर वेळी येत होता आणि चेन दर वेळी फिरत होती.

मग तिचं बोट चेनवरच थांबलं.

त्या सकाळी, अंगणात, चेन हलली नव्हती. का हलली नव्हती? ब्रेक लावल्यावर हलली नाही, हे तिने बघितलं होतं. ब्रेक लावायच्या आधी हलत होती का, हे बघितलंच नव्हतं! शिकाऊ पोरगंही आधी ते बघतं. तिने नाही बघितलं. आणि लगेच तिच्या कानात सासऱ्यांचे शब्द घुमले. त्याच संध्याकाळी करवत साफ करताना ते आपल्याशीच पुटपुटत होते, “ओला भुसा पार दगडासारखा बसलाय. चेन चिकटून गेली होती नुसती.” ती तिथेच उभी होती. तिने ते ऐकलं होतं. ऐकून ती आत गेली होती.

भुशाने धरलेली चेन. ब्रेकने नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फाशीचा हुकूम तिने स्वतः दिला होता, शंभर टक्के खात्रीने, चारचौघांत.

“बाई, काय झालं?” काका खुर्चीतून उठले. “करंट लागला का?”

“यात बॅटरी नाहीये, काका,” ती म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला.

“मग अशा पांढऱ्याफटक का पडलात? पाणी आणू?”

तिने पाणी घेतलं. तिन्ही करवती नेऊ का, असं तिने विचारल्यावर काका म्हणाले, न्या, आणि वर उचलून गाडीत ठेवायलाही त्यांनीच मदत केली. घर येईपर्यंत तिने एक चौक चुकवला, ज्या चौकातून ती वीस वर्षं जात होती.

सासरे जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. “मिळाला का?”

ती तिन्ही करवती घेऊन थेट वर गेली. त्यांची करवत टेबलावर घेतली. स्टिकरखाली नख घातलं आणि टर्रकन ओढलं.

“अगं, वॉरंटी!” सासरे ओरडले.

तिने झाकण काढून करवत त्यांच्यापुढे सरकवली. शेजारी हिरवी उघडून ठेवली. मग काळी. मग केशरी. चारही आतून सारख्याच. पट्टी कुठे असायला हवी होती, ते तिने बोटाने दाखवलं. लाकडात आयुष्य घालवलेल्या माणसाला एकदाच दाखवावं लागलं. पण मान्य करायला वेळ लागला.

“नाही नाही, असं कसं?” ते म्हणाले. “मी तीन वर्षं वापरतोय. ब्रेक लावला की चेन थांबते.”

“तुम्ही बटणावरचं बोट काढता म्हणून थांबते. बटण बंद केलं की पंखाही थांबतो, बाबा. ब्रेक लावून कधी बटण दाबलंत?”

“दाबीन कसा?” सासरे तिच्याकडे बघतच राहिले. “तूच सांगितलं होतंस. पहिल्याच दिवशी. ब्रेक लावलेला असताना मोटर चालवायची नाही, जळते. अजून मी तो शब्द मोडला नाही.”

हेही खरं होतं. हा तिचा दुसरा नियम. चांगल्या यंत्राच्या बाबतीत अगदी बरोबर असलेला. त्या घरात कोणीही, कधीही, ब्रेक लावून बटण दाबलं नव्हतं. एक सोडून. त्याचा पाय घसरला होता म्हणून.

“म्हणजे मी लावला होता?”

खिडकीपाशी रंगारी हातात ब्रश धरून बसला होता. रंग थेंबाथेंबाने खाली कागदावर गळत होता. त्याने प्रश्न असा विचारला, जणू तिऱ्हाइताबद्दल विचारतोय.

“लावला होतास,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की. लावला होतास. ब्रेकच नव्हता.”

त्याने ब्रश कागदावर ठेवला. मग म्हणाला, “मला ते रोज आठवायचं. मनगटाला लागलेला गार्ड, तो आवाज. तू म्हणालीस ब्रेक उत्तम आहे. तुझं कधी चुकत नाही. मग मला वाटायला लागलं की हे मी मनानेच रचलंय. झोपेत रचतो, जागेपणी खरं मानतो. डोक्यावर परिणाम झाला की काय, असंही वाटायचं. म्हणून म्हटलं, कबूल करून टाकावं. कबूल केलं की आठवणार नाही.”

“मग?”

“आठवतंच.”

 “आणि मी तुला माफ केलं,” ती म्हणाली.

“हो. केलंस,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, तिला निदान काही बोलता आलं असतं.

“चुकलं माझं. ऐक ना, मी…”

“इथे नको,” तो म्हणाला. “तेव्हा तू खाली बोलली होतीस. सगळ्यांसमोर.”

ती उठली. हिरवीचा गार्ड काढून तिने घरच्या करवतीला बसवला, झाकण लावलं, स्क्रू आवळले. खणाचं कुलूप काढून बॅटरी घेतली. करवत काखेत मारून ती खाली गेली आणि अंगणातल्या जुन्या लाकडी बाकाला तिने ती दोन क्लॅम्प लावून जखडली. मग स्वतः जाऊन नर्सबाईंचं दार वाजवलं. मग रस्ता ओलांडून टायरवाल्यापुढे उभी राहिली. “काम बाजूला ठेवा आणि पाच मिनिटं या,” ती म्हणाली. तिचा चेहरा बघून त्याने का म्हणून विचारलं नाही.

रंगारी कठडा धरून, एकेक पायरी करत खाली आला आणि शेवटच्या पायरीवर पाय लांब करून बसला. सासरे त्याच्या मागे, दोन पायऱ्या वर उभे.

मशीनवालीने बॅटरी बसवली. जिवंत यंत्रावर हात ठेवायची तिची ही पहिली वेळ.

“मागे व्हा,” ती म्हणाली. “हा ब्रेक.” तिने गार्ड पुढे ढकलला. खट्ट. सगळ्यांनी ऐकलं. “ब्रेक लागला. आता ही चेन फिरता कामा नये. बरोबर?”

“बरोबर,” टायरवाला म्हणाला.

तिने बटण दाबलं.

करवत किंचाळली. चेन अशी सुटली की तिचे दात दिसेनासे झाले. नर्सबाई “अगं बाई!” करत भिंतीला जाऊन टेकल्या. टायरवाला दोन पावलं मागे गेला आणि कुंडीवर आपटला. मशीनवालीने बोट काढलं नाही. गार्ड पुढेच होता, ब्रेक लागलेलाच होता आणि चेन फिरत होती, फिरतच होती. मोटर जळली तर जळू दे, असं म्हणत ती दाबून उभी होती. पण मोटर जळायला तिला काही अडायला तर हवं ना. मोटर मजेत होती.

तिने बोट काढलं. अंगणात एकदम शांत झालं.

“आठ महिन्यांपूर्वी मी इथेच सांगितलं होतं, ब्रेक उत्तम आहे,” ती म्हणाली. आवाज फाटत होता, तरी तिने तो खाली येऊ दिला नाही. “मी नीट बघितलं नव्हतं. चेन भुशाने धरली होती. याने ब्रेक लावला होता. हा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. चूक माझी. त्याची काडीचीही नाही.”

टायरवाल्याने रंगाऱ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.  नर्सबाई पदराने डोळे टिपत होत्या. रंगारी मात्र करवतीकडे बघत होता. त्याचे दोन्ही हात त्या उजव्या गुडघ्यावर घट्ट दाबलेले होते. आवाजाने त्याचं काय झालं असेल, हे तिच्या आता लक्षात आलं. विचारायला हवं होतं, पण विचारलं नव्हतं.

सासरे पायऱ्या उतरून खाली आले. लेकासमोर क्षणभर उभे राहिले. मग म्हातारपणी जमेल तसे, एक हात जमिनीला टेकत, त्याच्या पायाशी बसले. मला वाटतं ते क्षमाबिमा मागणार होते, पण त्या पिढीच्या बापांना ते शब्द येत नाहीत. त्यांनी लेकाचे हात बाजूला केले आणि आपला रुंद, खरबरीत पंजा त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

“दुखतो का रे?” त्यांनी विचारलं.

रंगाऱ्याने मान हलवली. “हो.”

“कधी?”

“रोज.”

“रोज?”

“सकाळी उठल्यावर जास्त. आणि जिना उतरताना.” तो थांबला. मग धरण फुटावं तसं त्याचं सुटलं. “रात्री कूस बदलताना कळ येते. उकिडवं बसता येत नाही. हवा गार झाली की आतून कोणी पिळतंय असं वाटतं. टाक्यांच्या खाली एका जागी बधीर आहे, तिथे टोचलं तरी कळत नाही…”

आठ महिने ज्याची चूक होती, त्याचं दुखणं कोणी विचारलं नव्हतं. आता तो सांगत होता, एकेक, लहान मुलासारखं, आणि सासरे “हं, हं” करत ऐकत होते.

मशीनवाली बॅटरी हातात धरून बाकापाशी उभी राहिली. जवळ जायची तिची हिंमत होईना. यातली एकही गोष्ट तिला माहीत नव्हती, आणि ती रोज त्याच्या शेजारी झोपत होती.